कानफाटीची शीळ

सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी कानफाटीनं पहिली शीळ घातली.

ओढ्यावरच्या कातळावर पालथी पडून रेश्मा झोरे दुर्बिणीतून बघत होती. खाली करवंदीच्या जाळीशी सांबराचं थोराड पाडस मरून पडलं होतं आणि त्याच्याशेजारी ती तांबडी, काळ्या झुबकेदार शेपटीची मादी धापा टाकत उभी होती. तिचा डावा कान टोकापासून पार मुळापर्यंत चिरलेला होता, म्हणून नाव कानफाटी. तिनं मान खाली घातली आणि पुन्हा शीळ घातली. तीन तुटक, मग एक लांब. शिकारीच्या धावपळीत पांगलेल्या कळपाला एकत्र बोलावायची रानकुत्र्यांची ही रीत. या मुलखात रानकुत्र्याला कोळसुंदा म्हणतात, आणि कोळसुंदा भुंकत नाही, शीळ घालतो.

रेश्माच्या हाताशी ठेवलेल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर अक्षरं उमटली. खोके क्रमांक चौदा. म्होरकी मादी. ओळख अठ्ठ्याण्णव टक्के.

समोरच्या धारेवर, जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, तिच्याच कळपातले चार जण कोवळ्या उन्हात बसले होते. शीळ पोचली तशी चौघांचेही कान उभे राहिले. एक जण उठला, दोन पावलं पुढं आला. मग त्यानं मागं वळून बाकीच्यांकडे पाहिलं आणि परत जाऊन बसला.

वीस मिनिटं कानफाटी शीळ घालत राहिली. मधेच घाईघाईनं चार लचके तोडायची, पुन्हा शीळ. शेवटी वासावर रानडुकरं आली. तीन मोठे नर. एकट्या कोळसुंद्याचं रानडुकरापुढं काही चालत नाही. ती थोडं गुरगुरली, मागं सरली आणि बिळाच्या दिशेनं निघून गेली. तिथं तिची पाच पिल्लं होती.

धारेवरचे चौघे उपाशीच बसून होते. रेश्मानं दुर्बीण खाली ठेवली. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

*

रेश्मा हणबरघोलातल्या धनगरवाड्याची. कोल्हापूरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या ऐन धारेवर हे खोरं. वाड्यात अकरा घरं, घरटी पाच-सात म्हशी, थोड्या शेळ्या आणि तिन्ही बाजूंनी रान. तिचे वडील धाकू झोरे, वाड्यातले सगळे त्यांना आप्पा म्हणत, सत्तरीला आले तरी रोज म्हशींमागं जात होते.

कोळसुंद्यांच्या गोष्टी तिनं त्यांच्याकडूनच ऐकल्या होत्या. कोळसुंदे ही वेताळाची कुत्री. वाघसुद्धा त्यांना वचकतो, कारण ते झुडपांवर मुतून ठेवतात, वाघ त्यातनं गेला की त्याच्या डोळ्यांत ते पाणी जातं आणि तो आंधळा होतो. त्यांची शिकार रानात सापडली आणि मटण घरी आणायचं झालं, तर एक तंगडी तिथंच ठेवून यायची. आणि आप्पांची सगळ्यांत आवडती गोष्ट: लई मागं कोळसुंदे धनगरांचीच कुत्री होती. एका धनगरानं दुष्काळात त्यांच्या वाटणीची भाकरी खाल्ली. ती उठून रानात गेली, आणि तेव्हापासून माणसाच्या हाकेला येत नाहीत, फक्त एकमेकांच्या हाकेला येतात.

रेश्मा बारावीनंतर कोल्हापुरात शिकली, आणि पुण्यातल्या एका वन्यजीव संस्थेत ध्वनिसहायक म्हणून लागली. काम एकच, हणबरघोलात हिंडून कोळसुंद्यांचे आवाज टिपायचे. अकरा वर्षं तिनं तेच केलं. माणसाला सगळ्या शिळा सारख्या वाटतात, पण प्रत्येक जनावराची पट्टी वेगळी, दोन तुकड्यांमधला थांबा वेगळा. हजारभर नोंदींनंतर रेश्मा डोळे मिटून सांगू शकायची, ही कानफाटी, हा तिचा नर, हा गेल्या वर्षीचा पोर.

संस्थेच्या प्रमुख डॉ. शरयू नाडगौडा. कर्तबगार बाई. देशात कोळसुंदे किती झपाट्यानं कमी होताहेत हे त्यांना आकड्यांनिशी पाठ होतं. पाळीव जनावर मारलं की लोक शिकारीवर विष टाकत आणि एका विषात आख्खा कळप जाई. हणबरघोलाच्या शेजारच्या खोऱ्यात तसे नऊ कोळसुंदे एका दुपारी मेलेले रेश्मानंच पहिल्यांदा पाहिले होते. त्यानंतर महिनाभरानं नाडगौडा मॅडमनी तिला विचारलं, "रेश्मा, कळप म्हशींकडे निघाला की त्याला मागं वळवता आलं तर?"

त्यातून 'प्रतिसाद' नावाची योजना जन्माला आली. २०३४ च्या मार्चमध्ये हणबरघोलातल्या झाडांवर बेचाळीस खोकी लागली. प्रत्येकात ऐकायला कान, बोलायला तोंड आणि वर सौरपट्टी. आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो. एकच शीळ तीन खोक्यांना किंचित वेगवेगळ्या क्षणी ऐकू येते, आणि त्या फरकावरून ती कुठून आली हे यंत्र पाच-दहा मीटरच्या अचूकतेनं सांगतं. कळप वाड्याच्या दिशेनं सरकतोय असं दिसलं की उलट्या बाजूचं खोकं कानफाटीच्या आवाजात शीळ घालायचं: इकडे या.

खरी हुशारी पुढं होती. टिपलेला तोच आवाज पुन्हापुन्हा वाजवला तर जनावरं चार दिवसांत ओळखतात. म्हणून यंत्र रेकॉर्ड वाजवत नव्हतं. माणसाचा आवाज उचलून त्याच्या तोंडी नवी वाक्यं घालणारी यंत्रं तोवर जुनी झाली होती. तीच विद्या इथं वापरली. रेश्माच्या नोंदी गिळून यंत्र कानफाटीची दरवेळी नवी शीळ तयार करायचं, तिनं कधीच न घातलेली, तरी तिचीच.

"सवय लागायचा प्रश्नच नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "कारण दोन वेळा तोच आवाज येणारच नाही."

रेश्माला तेव्हा ते पटलं होतं. तिला अभिमानही वाटला होता.

*

पहिल्या दीड वर्षात हणबरघोलात एकही म्हैस, एकही रेडकू मेलं नाही. असं आप्पांच्या हयातीत कधी घडलं नव्हतं. धनगरवाड्यातल्या बायका रेश्माला बघून पदर सावरून बोलायला लागल्या. राधानगरीच्या कार्यक्रमात तिला शाल मिळाली. आप्पा ती शाल पांघरून म्हशींमागं जायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, "माझी पोरगी कोळसुंद्यांशी बोलती."

विषही कुणी घातलं नाही. मॅडमच्या अहवालात रकान्यामागून रकान्यात एकच आकडा होता: शून्य.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर रेश्माला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. पूर्वी कानफाटीनं शीळ घातली की तीन-चार सेकंदांत कुठून तरी उत्तर यायचं. आता दहा सेकंद लागत होते. मग अर्धा मिनिट. तिनं जुन्या नोंदी काढल्या, नव्या काढल्या, शेजारी ठेवल्या. उत्तराला लागणारा वेळ महिन्यागणिक वाढत होता, आणि उत्तर न आलेल्या हाकाही. डिसेंबरात तर दहातल्या सात हाका रित्या गेल्या होत्या.

तिला कळायला वेळ लागला नाही. कळप दीड वर्षं खोक्यांच्या हाकेला धावून जात होता, आणि तिथं कुणीच नसायचं. शिकार नाही, कानफाटी नाही, काही नाही. आवाज दरवेळी नवा असल्यामुळं खोटा आवाज ओळखायची सोय त्यांना नव्हती. म्हणून त्यांनी त्यांना शक्य होतं तेवढं केलं. त्यांनी कानफाटीवरच विश्वास ठेवणं सोडलं.

रोजच्या नोंदीच्या फॉर्ममध्ये दोनच पर्याय होते. 'शीळ ऐकू आली' किंवा 'शीळ नाही: कळप क्षेत्राबाहेर'. कळप समोर आहे आणि गप्प बसलाय, हे लिहायला जागाच नव्हती. रेश्मानं ते शेरा म्हणून खाली लिहिलं. अहवाल यंत्रच तयार करायचं. त्यानं शेरा वगळला. तिनं पुन्हा लिहिला. पुन्हा वगळला. तिसऱ्या वेळी पाटीवर सूचना आली: कृपया दिलेल्या पर्यायांतूनच निवड करा.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळनंतर, सांबराचं पाडस रानडुकरांच्या घशात गेल्यावर, ती थेट पुण्याला गेली.

नाडगौडा मॅडमनी तिचे सगळे तक्ते शांतपणे पाहिले. "उत्तरं कमी झालीत, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण मला यात चांगली शक्यता दिसते. त्यांना आता इतकं शीळ घालावंच लागत नसेल. ताण कमी झालाय."

"मॅडम, ते समोर बसलेले मी बघितलेत. ऐकून बसले. उठले नाहीत."

"किती वेळा?"

"समक्ष चार वेळा."

"चार." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रेश्मा, चार निरीक्षणांवर मी दोन वर्षांची माहिती बाजूला ठेवू? आणखी सहा जंगलांत ही खोकी एप्रिलमध्ये बसताहेत. तिथं दर महिन्याला विष पडतंय. मी त्यांना काय सांगू, थांबा, आमच्या सहायकाला शंका आहे?"

"दोन महिने बंद ठेवून बघू. फक्त हणबरघोलात."

"आणि त्या दोन महिन्यांत तुझ्याच वाड्यावरची म्हैस गेली, कुणी फोरेटचं विष टाकलं आणि कळप मेला तर?"

शेजारच्या खोऱ्यातले ते नऊ कोळसुंदे तिनं मोजले होते. मॅडम वाईट नव्हत्या, खोटंही बोलत नव्हत्या, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नव्हतं. "लेखी पाठव," मॅडम शेवटी म्हणाल्या. "समितीपुढं ठेवते." समिती जूनमध्ये बसणार होती.

*

घरी आल्यावर तिनं आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा गोठ्यात दूध काढत होते. त्यांनी चरवी बाजूला ठेवली.

"म्हंजे खोकी बंद करायची म्हणतीस."

"थोडे दिवस."

"आन् थोडे दिवस माझ्या म्हशी कुनी राखायच्या? तू?"

"पूर्वी राखत होताच की तुम्ही."

"पूर्वी माझं पाय होतं." आप्पांनी गुडघा चोळला. "चंद्रीचं रेडकू माझ्या म्होरं फाडलं हुतं त्यांनी. जितं. मी दगडं मारतूय, वराडतूय, आन् ती खात्यात. तू कोल्हापुरात हुतीस तवा."

"मला माहितेय."

"न्हाई म्हाईत. ऐकलंयस. बघितलं न्हाईस." ते पुन्हा खाली बसले. "त्यास्नी एकमेकांचं ऐकू येत न्हाई, बरं झालं. दहा जनं एका हाकंसरशी यायची, तवा आमाला घाम फुटायचा."

त्या आठवड्यात वाड्यातल्या बायकांनी तिच्याशी बोलणं कमी केलं. आप्पांनी कुणाला काही सांगितलं असेल असं तिला वाटत नव्हतं. अकरा घरांच्या वस्तीत गोठ्यातलं बोलणं गोठ्यात राहत नाही एवढंच.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती बिळाशी गेली. ओढ्याच्या काठाला मातीत खोदलेलं जुनं बीळ, तीच जागा कळप वर्षानुवर्षं वापरत आला होता. कोळसुंद्यांची पिल्लं एकटी आई वाढवत नाही. आख्खा कळप शिकार करतो, पोटात मांस घेऊन येतो आणि बिळाशी ओकून पिल्लांना भरवतो. कुणीतरी एक जण मागं राहून राखण करतो. या वर्षी तिथं पावलं होती ती एकाच जनावराची.

तीन पिल्लं बिळाच्या तोंडाशी मरून पडली होती. अंगावर जखम नव्हती. बरगड्या मोजता येत होत्या. उरलेल्या दोघांचा पत्ता नव्हता. कानफाटी पलीकडच्या काठावर उभी राहून रेश्माकडे बघत होती, आणि तीही इतकी वाळली होती की तिचं डोकं अंगापेक्षा मोठं दिसत होतं.

रेश्मानं फोटो काढले, जागा नोंदवली आणि तशीच मोटारसायकलवरून वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात गेली. इंगवले साहेब भला माणूस. त्यांनी तिला पाणी दिलं, फोटो दोनदा बघितले.

"वाईट झालं," ते म्हणाले. "शवविच्छेदन करू. कारण येईल, कुपोषण."

"कारण खोकी आहेत, साहेब."

"असेल. पण खोक्यांना मी हात लावू शकत नाही, झोरे. ती तुमच्या संस्थेची. संस्थेनं लिहून दिलं तर मी काढतो."

"संस्था म्हणते, वनखात्याची हरकत आली तर विचार करू."

"मी हरकत कशाच्या आधारावर घेऊ? यंत्राच्या नोंदीत सगळं व्यवस्थित आहे. नोंद तुम्हीच भरताय." त्यांनी पाटी तिच्याकडे वळवली. खाली तिचंच नाव होतं. शीळ नाही: कळप क्षेत्राबाहेर. शीळ नाही: कळप क्षेत्राबाहेर. दीड महिना, जवळपास रोज.

"दुसरा पर्यायच नाही त्यात," रेश्मा म्हणाली.

"ते मला दिसतंय," इंगवले म्हणाले. "पण कागदाला दिसत नाही ना."

*

एप्रिलच्या सुरुवातीला आप्पांच्या शेळीचं करडू गेलं. भर दुपारी, घरामागच्या आंब्याखालून. वाड्यातली माणसं म्हणाली बिबट्या. यंत्रही तेच म्हणत होतं, कारण त्या दिवशी हणबरघोलात एकाही कोळसुंद्याची शीळ नोंदली गेली नव्हती. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी चार करडं गेली.

पाचवं करडू गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी आप्पा जेवताना म्हणाले, "बिबट्या न्हवता."

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं. कोळसुंदा हुता. योकटा." त्यांनी भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. "माझ्यापास्नं हितनं त्या चुलीइतक्या अंतरावर. आवाज न्हाई, काय न्हाई. मी काठी उगारली तर पळाला बी न्हाई. नुसता बघाय लागला. भुकेजलेला लई."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सत्तर वर्सं झाली, योकटा कोळसुंदा मी बघितला नव्हता. तुझ्या आज्ज्यानं बी बघितला नसंल. आदी शीळ यायची, मग आमी सावध व्हायचो, म्हशी गोळा करायचो. आता शीळच न्हाई तर कळायचं कसं?"

रेश्माच्या ते तेव्हा नीट ध्यानात आलं. यंत्र शीळ ऐकून कळप ओळखायचं. कळप फुटला, एकेकटा झाला, गप्प झाला. आता तो यंत्राला दिसतच नव्हता. एकटा कोळसुंदा मोठं सांबर मारू शकत नाही, पाडस मारलं तरी राखू शकत नाही, मग तो करडं उचलणार. आणि मॅडमच्या अहवालात शून्याच्या पुढं शून्य पडत जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुरुस्तीची पिशवी घेऊन निघाली. खोक्यांच्या देखभालीची किल्ली तिच्याकडे होतीच. ओढ्याच्या बाजूची सोळा खोकी तिनं एकेक करून उघडली, बोलणारं तोंड सोडवलं आणि नोंदीत लिहिलं, 'ओलाव्यामुळे बिघाड'. एप्रिलच्या रणरणत्या उन्हात ओलावा. याला पर्याय मात्र फॉर्ममध्ये होता, आणि यंत्रानं तो मुकाट्यानं घेतला.

मग ती रोज पहाटे कातळावर जाऊन बसू लागली. खोटी हाक थांबली की खरी हाक ऐकतील, अशी तिची आशा होती. पाचव्या दिवशी कानफाटी दिसली. तिनं शीळ घातली, एकदाच. धारेवर एक नर होता. तो थबकला, उभा राहिला, बराच वेळ उभा राहिला, आणि उलट दिशेनं निघून गेला. त्यानंतर कानफाटीनं शीळ घातली नाही. आठव्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी नाही. बाराव्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"सोळा खोक्यांत एकदम ओलावा?"

"नाही," रेश्मा म्हणाली. "मी तोडली."

"तू माझ्याकडे यायला हवं होतंस."

"आले होते, मॅडम."

तिला कामावरून काढताना मॅडमनी पत्रात एकही कठोर शब्द वापरला नव्हता. त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

*

खोकी पुन्हा सुरू झाली. आप्पा वाड्यातल्या सात जणांना घेऊन इंगवले साहेबांकडे गेले आणि अंगठे, सह्या देऊन आले की आम्हाला खोकी नकोत. रेश्माला हे त्यांनी सांगितलं नाही, तिला इंगवल्यांकडून कळलं. अर्ज समितीकडे गेला. समिती जूनऐवजी सप्टेंबरात बसली आणि तिनं आप्पांचा अर्ज, रेश्माचं पत्र, पिल्लांचे फोटो, सगळं पुढच्या बैठकीसाठी ठेवलं.

ती पुढची बैठक झालीच नाही. ऑक्टोबरात एका सकाळी गाडी आली आणि माणसं झाडांवरची खोकी काढायला लागली. सलग सहा महिने हणबरघोलात शीळ नोंदली गेली नव्हती. यंत्राच्या नियमानुसार त्याचा अर्थ इथला संघर्ष संपला आणि उद्दिष्ट साध्य झालं. खोकी दुसऱ्या जंगलात हवी होती.

रेश्मा रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. तिला जे हवं होतं तेच चाललं होतं, पण तिचं म्हणणं कुणीही ऐकलेलं नव्हतं. खोकी उतरवणाऱ्या मुकादमानं तिला विचारलं, "ताई, इथं पूर्वी रानकुत्री होती म्हणे?"

"आहेत," ती म्हणाली. त्यानं हसून मान हलवली आणि पुढचं झाड धरलं.

ती वाड्यावरच राहिली. दूध डेअरीला घालायचं, आप्पांच्या गुडघ्याला तेल लावायचं, आणि सवड मिळेल तशी रानात चक्कर. आता तिच्याकडे पाटी नव्हती, वही होती.

पुढच्या वर्षी डिसेंबरात नाडगौडा मॅडमचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"सहाही जंगलांत तेच झालं, रेश्मा. तुझ्या तक्त्यांसारखंच. मी ते तेव्हा नीट वाचायला हवे होते."

रेश्मानं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला वाटलं होतं हे ऐकल्यावर मोकळं वाटेल. काहीच वाटलं नाही.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"एक कल्पना आहे. तुझ्या जुन्या नोंदी आहेत. यंत्रानं बनवलेल्या नाहीत, खऱ्या, तू स्वतः टिपलेल्या. जिथं कळप पुन्हा जमताहेत तिथं पिल्लांना त्या ऐकवायच्या. शीळ आणि लगेच मांस. शीळ आणि मांस. पुन्हा शिकतील. तू आलीस तर बरं होईल. सन्मानानं परत घेऊ."

"आणि मांस कोण ठेवणार?"

"आपण."

"मग ते आपल्या हाकेला येतील, मॅडम," रेश्मा म्हणाली. "एकमेकांच्या नाही."

"तुझ्याकडे दुसरं काही आहे का?" मॅडमनी विचारलं. प्रश्न खरा होता. रेश्माकडे दुसरं काही नव्हतं. तिनं तसं सांगितलं, आणि नकारही सांगितला.

*

त्यानंतर दीड महिन्यानं, जानेवारीच्या एका सकाळी, म्हशी वरच्या सड्यावर सोडून बाप-लेक कड्याच्या काठाला बसले होते. खाली पिवळ्या गवताचा उतार, त्याच्या कडेनं रान. आप्पांनीच आधी पाहिलं. त्यांनी तिच्या मनगटाला बोट लावलं.

कानफाटी होती. अंग भरलेलं होतं. तिच्यासोबत एक नर आणि मागं तीन पिल्लं, आठ-दहा महिन्यांची, उंच पायांची. गेल्या उन्हाळ्यात कधीतरी, कुणाला न दिसता, तिनं पुन्हा घर मांडलं होतं. पण ती पाचही जणं चमत्कारिक चालत होती. पूर्वी कळप रानात फाकून चालायचा, पाचशे पावलांत पसरायचा आणि शिळेवर बांधलेला असायचा. ही एकमेकांच्या शेपट्या धरल्यासारखी, एका ओळीत चालत होती. कुणीही कुणाच्या नजरेआड होत नव्हतं.

"गुमान चालल्यात," आप्पा हळूच म्हणाले.

"बोलायचंच सोडलंय त्यांनी."

गवतातून एक लाव्हरी भर्रकन उडाली आणि शेवटचं पिल्लू तिच्यामागं झेपावलं. उतारावरून घसरत, उड्या मारत ते रानाच्या कडेला गेलं आणि झुडपांत शिरलं. बाकीची चौघं पुढं निघून गेली. थोड्या वेळानं कानफाटी थांबली, मागं वळली. ओळीत एक कमी होतं.

झुडपांतून आवाज आला. आधी नुसतं कुंईकुंई. मग, रेश्माचा आधी कानांवर विश्वास बसेना, फाटकी, चिरकी, मधेच हवा निसटलेली एक शीळ. कुणी शिकवलेली नव्हती. पिल्लाला एकटं वाटलं आणि ती आतूनच आली. तीन तुटक, मग एक लांब काढायचा प्रयत्न.

कानफाटीचा तो फाटका कान आणि धडका कान दोन्ही पुढं वळले. अंग ताठ झालं. पिल्लू तिच्यापासून दोनशे पावलांवरही नव्हतं.

पुन्हा शीळ आली.

कानफाटी जागची हलली नाही. तिनं मान वळवून नराकडे पाहिलं. नर खाली बसला होता आणि त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. ती चार पावलं पुढं आली, थांबली, एक पाय उचललेला तसाच धरून उभी राहिली. मग तो पाय तिनं मागं टेकवला.

"जा की," आप्पा पुटपुटले. रेश्मानं त्यांच्याकडे पाहिलं. ज्यांनी आयुष्यभर या जनावरांना दगड मारले ते आप्पा काठीवर दोन्ही हात घट्ट धरून पुढं झुकले होते. "जा की गं बाई. तुजंच हाय त्ये."

पिल्लानं आणखी सात-आठ वेळा हाक घातली. दोन हाकांमधलं अंतर हळूहळू वाढत गेलं, मग हाका थांबल्या. कानफाटी ऐकत उभी होती, पण गेली नाही.

पाऊण तास असा गेला. म्हशी पांगल्या होत्या. दोघांपैकी कुणीही उठलं नाही. शेवटी गवत हललं आणि पिल्लू बाहेर आलं. नाक जमिनीला लावून, आल्या वाटेचा वास काढत, मधेच चुकत, पुन्हा मागं जात ते उतार चढून आलं. आईपासून दोन हातांवर आल्यावर त्यानं शेपूट हलवली.

कानफाटी लगेच पुढं झाली नाही. तिनं त्याचं नाक हुंगलं, तोंड हुंगलं, पोट हुंगलं, शेपटीपर्यंत गेली. पुन्हा पहिल्यापासून सगळं हुंगलं. पिल्लू थरथरत उभं होतं. मग कुठं तिनं त्याला जवळ घेतलं.